खणातला टॅब फुगला तेव्हा

खण बंद होईना. ढकलला, परत ढकलला, मग ओढून बघितलं, तर सगळ्यात वर ठेवलेल्या टॅबची काच एका बाजूने उचकटून आली होती. फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसत होती, उशीसारखी टम्म. म्हणजे इतका वेळ मी एका फुगलेल्या लिथियम बॅटरीला फळीच्या कडेने रेटत होते. हे लक्षात आल्यावर हात आपोआप मागे आला.

तीन वर्षांपूर्वी हा टॅब झकास चालत होता. नवीन आला म्हणून "असू दे, कधीतरी लागेल" म्हणत मीच तो पूर्ण चार्ज करून आत ठेवला. खणाच्या वरच्या फळीवर राउटर, दिवसरात्र कोमट. भरलेली बॅटरी आणि डोक्यावर सतत ऊब, याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

मी इंजिनिअर नाही, दिवसभर लोकांचे हिशेब तपासते. पण नात्यागोत्यात कुणाचा फोन अडला की "मावशीला दाखव" असं ठरूनच गेलंय, त्यामुळे बारीक स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक मत पक्कं झालं: आपल्या वस्तू वापरून जेवढ्या मरत नाहीत तेवढ्या तापून आणि पडून राहून मरतात. खाली जे सांगणार आहे ते सगळं फिरून फिरून तिथेच येतं.

फुगली असेल तर आत्ताच

बॅटरी फुगते कारण आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो, आणि हा वायू पेट घेणारा असतो. काच वर येणं, मागचं झाकण सुटणं, टेबलावर ठेवलेला फोन गरगर फिरणं, लॅपटॉपचं टचपॅड क्लिक न होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. टचपॅडचं बऱ्याच जणांना कळत नाही, ते टचपॅड बदलायला निघतात. बॅटरी त्याच्या खालीच असते.

अशी वस्तू चार्जिंगला लावायची नाही, "बघू चालू होतोय का" म्हणून सुद्धा नाही. दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. टाचणीने हवा काढली की बसेल, असं मला एका हुशार माणसाने सांगितलं होतं. त्यांचा पत्ता मी अग्निशमन दलाला द्यायला हवा होता. माझा टॅब मी पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून, झाकण सैल ठेवून, जळण्यासारखं काही जवळ नाही अशा जागी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात, बॅटरी फुगलेली आहे हे आधी सांगून, देऊन आले.

चार्जिंगचे जुने सल्ले

"पूर्ण उतरू दे, मग लाव." हे वाक्य ऐकलं की मला आमचा जुना कॉर्डलेस फोन आठवतो. त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती आणि तिच्यासाठी ते खरंही होतं. अर्धवट चार्जिंगची तिला सवय लागायची. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनीने आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅटरी बदलली, नोबेल मिळालं, सल्ला मात्र कॉर्डलेस फोनचाच राहिला.

लिथियमचं उलट आहे. तिला दोन्ही टोकांना त्रास होतो. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, आणि त्या ताणाखाली ती जितका वेळ राहील तितकी लवकर थकते. अगदी तळाला गेली तरी नुकसान. म्हणून २० ते ८० टक्क्यांच्या मधे ठेवलेली बरी. बहुतेक नव्या फोनांत आणि लॅपटॉपांत ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमधेच असते. बॅटरीच्या पानावर जा, शोधा, चालू करा, विसरून जा. माझा लॅपटॉप कायम टेबलावर, वायर लावलेला. त्याला ही मर्यादा घातल्यापासून मी त्याच्याकडे बघतही नाही.

अधूनमधून लावलं तर "सायकल वाया जातात" ही भीतीही नको. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० वापरले, भरले, उद्या ५० वापरले, भरले, तर दोन्ही दिवस मिळून एक सायकल झाली. आणि या सगळ्याचं व्रतही करू नका. प्रवासाला निघायचं असेल तेव्हा मी खुशाल १०० करते. बॅटरी माझ्यासाठी आहे, मी बॅटरीसाठी नाही.

टक्क्यांपेक्षा ऊब जास्त महत्त्वाची. साधारण ३५ अंशांपलीकडच्या हवेत फोन चार्ज करणं म्हणजे त्याचं आयुष्य हाताने कापणं. उशीखाली, पांघरुणात, उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे, किंवा चार्जिंगला लावून वर गेम, या चारही ठिकाणी मी तळव्याला चटका बसेल असे फोन हातात घेतलेत. जाड कव्हर असेल तर चार्जिंगपुरतं काढा. वायरलेस चार्जिंग सोयीचं, पण ते वायरपेक्षा जास्त तापवतं, म्हणून मी ते रोजच्यासाठी ठेवलेलं नाही.

आणि तापला म्हणून फ्रीजरमधे ठेवू नका. माझ्या भाच्याने ठेवला होता. "मावशी, पाचच मिनिटं ठेवला गं." बाहेर काढल्यावर दमट हवेने कॅमेऱ्याच्या काचेच्या आत वाफ धरली, म्हणजे पाणी आतही जमलं. तापलेला फोन बंद करायचा, कव्हर काढायचं, पंख्याखाली उताणा ठेवायचा. एवढंच.

चार्जर जास्त वॉटचा लावला तर फोन जळेल का, हे मला सतत विचारतात. चांगल्या बनावटीचा असेल तर नाही. टाइप-सी चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फोन आणि चार्जर आपसात बोलतात आणि फोन मागेल तेवढंच वाढतं. ६५ वॉटचा लॅपटॉपचा चार्जर मी फोनलाही वापरते. घोळ होतो तो केबलमुळे. ३ अँपियरच्या वर न्यायचं तर टाइप-सी केबलमधे तिची क्षमता सांगणारी एक छोटी चिप लागते, आणि दिसायला सगळ्या केबल सारख्याच. म्हणून माझ्या केबलींना कागदी पट्ट्या आहेत: "लॅपटॉप", "फक्त फोन". टोकाशी तापणारी किंवा गळ्याशी फाटलेली केबल चिकटपट्टी लावून वाचवू नका. ती एक वस्तू मी बिनदिक्कत टाकून देते.

"चार्जिंग लागत नाही"

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात लाडकी. भाची फोन घेऊन आली, म्हणाली दुरुस्तीवाला चार्जिंगचा पोर्ट बदलायला सांगतोय. केबल हलवली की चार्ज व्हायचा, सोडली की बंद.

मी केबल लावून बघितली. आत जाताना शेवटी जो खट् आवाज येतो, तो येत नव्हता. पिनचा चकचकीत भाग काडीभर बाहेर राहत होता. हे दिसलं की समजायचं, आत काहीतरी बसलंय. फोन बंद केला, टॉर्चचा उजेड तिरका मारला. पोर्टच्या तळाशी करडा थर, दाबून दाबून पुठ्ठ्यासारखा झालेला. जीन्सच्या खिशातला दोरा-धूळ केबलच्या प्रत्येक खोचणीबरोबर आत ठासला जातो.

लाकडी टूथपिक घ्यायची, टोक थोडं चपटं करायचं. टाचणी नको, सुई नको, धातूचं काहीच नको. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते, सगळे संपर्क तिच्यावर. तिला हात लावायचा नाही. काडी बाहेरच्या भिंतीला लावून तळापर्यंत न्यायची आणि आपल्याकडे ओढायची, खरवडायचं नाही. पहिल्या ओढीत काही आलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी एक अख्खी नमद्यासारखी चकती निघाली, पोर्टच्या आकाराची. भाचीने तिचा फोटो काढून ठेवलाय. केबल लावली, खट्.

बाकीची सफाई पटकन सांगते. पडद्याला मायक्रोफायबरचं कापड. चिकट डाग असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन, थेट पडद्यावर फवारून नाही. इअरफोनच्या जाळीला कोरडा मऊ ब्रश, जाळी खाली करून, म्हणजे मळ आत जात नाही. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. पंख्यातली धूळ हवेच्या डब्याने उडवताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते हवेने सुसाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. हे मला पंखा बदलावा लागल्यावर कळलं.

रिमोट चालत नसेल तर फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर रिमोटचं बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकतो. लुकलुकला तर रिमोट बरा आहे, दुखणं टीव्हीत. नाही लुकलुकला तर सेल काढून बघा. स्प्रिंगवर पांढरी खपली असेल तर अल्कलाइन सेल गळलाय. गळतं ते अल्कधर्मी असतं, त्यामुळे कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं की खपली सुटते. मग अल्कोहोलने पुसायचं, वाळवायचं. महिनाभर न लागणाऱ्या वस्तूतले सेल काढून ठेवले तर ही वेळच येत नाही.

पाण्यात पडला तर लगेच बंद करा, कव्हर-सिम काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, आणि वाहत्या हवेत ठेवा. तांदळात पुरू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, पीठ आणि कण मात्र पोर्टमधे जातात. हेअर ड्रायरही नको. पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही, फोन जातो तो बहुतेक या उतावीळपणानेच. आणि आयपी६८ लिहिलंय म्हणून पोहायला नेऊ नका. त्यातला ६ धुळीचा, ८ पाण्याचा, पण ती चाचणी नव्या फोनची, गोड्या पाण्यातली. सील जुनी होतात, एकदा फोन आपटला की आणखी सैल होतात.

निवृत्त झालेल्यांना कामाला लावणं

टॅबनंतर मी घरात एक नियम केला: नवीन वस्तू आली की आठ दिवसांत जुनीला काम मिळालं पाहिजे, नाहीतर ती घराबाहेर गेली पाहिजे. जुन्या कीबोर्डच्या बटणांचे कानातले करणं याला मी काम म्हणत नाही. यंत्राने यंत्र म्हणूनच काहीतरी करावं.

त्या दिवशी खण रिकामा केला तेव्हा निघालं ते असं: दोन फोन, एक राउटर, चार चार्जर (एकाचा धनी शेवटपर्यंत सापडला नाही). शिवाय कपाटावर लॅपटॉप होताच.

पहिल्या फोनला एकच काम दिलं, गाणी आणि गजर. रिसेट मारला, सिम नाही, लागणारी दोन अॅप ठेवली, बाकी सगळी काढली किंवा बंद केली. जुना फोन मंद वाटतो कारण आपण त्याच्याकडून नव्या फोनची सगळी कामं करून घ्यायला बघतो. एकाच कामाला तो आजही चपळ आहे. आणखी एक फायदा झाला, माझा रोजचा फोन आता झोपायच्या खोलीत येत नाही.

दुसऱ्याला कॅमेरा केलं. फोनचा कॅमेरा घरच्या वाय-फायवरून दुसऱ्या फोनवर दाखवणारी अॅप मिळतात. आईच्या खोलीत ठेवलाय, तिला विचारून. इथे दोन गोष्टी सांभाळा. कायम चार्जरला लटकवलेली जुनी बॅटरी म्हणजे माझ्या टॅबचीच गोष्ट पुन्हा. म्हणून चार्जर टायमरच्या प्लगवर आहे, दिवसातून दोनदा तास-तासभर चालू होतो, आणि महिन्यातून एकदा फोन आडवा धरून मी त्याची पाठ सपाट आहे ना ते बघते. दुसरं, ज्या फोनला सुरक्षेची अपडेट येणं बंद झालंय त्यात बँकेचं अॅप नको, आपलं मुख्य खातंही नको. वेगळं खातं उघडा, आणि राउटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर त्यावर टाका.

फोन गाडीच्या काचेला लावून प्रवासाचं चित्रीकरण करायचा प्रयोगही करून झाला. दोन दिवसांत बंद केला. ऊन, काच, चार्जर, तिन्ही एकदम.

लॅपटॉपवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचंच सगळ्यात जास्त समाधान. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, चालू करून उठून जायचं आणि मग परत यायचं, असा कारभार. त्यात विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याला झेपणारं नव्हतं. असा लॅपटॉप भंगारात देण्याआधी दोन गोष्टी करून बघाच.

एक, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, घाला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत मागचे काही स्क्रू काढले की डिस्क हाती येते. मात्र उघडण्याआधी बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. प्रत्येक जागेचा फोटो घ्या आणि स्क्रू त्या-त्या जागेप्रमाणे कागदावर चिकटवून ठेवा, कारण लांबीचा फरक अर्ध्या मिलिमीटरचाही असतो आणि चुकीचा लांब स्क्रू आतून बोर्डला टोचतो. दुसरं, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. मी त्यातल्या मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली, हलकी आहे. ती आधी पेन ड्राइव्हवर घालून, लॅपटॉपमधे काहीही न बदलता चालवून बघता येते. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, हे बघून मगच आत टाका. आता तो अर्ध्या मिनिटात उभा राहतो. माझी बहीण त्यावर पत्रव्यवहार करते, व्हिडिओ बघते, आणि तो लिनक्स आहे हे तिला अजून माहीत नाही.

निघालेली हार्ड डिस्कही कामाची. अडीच इंची डिस्कचा यूएसबीचा डबा मिळतो, त्यात बसवली की बाहेरची डिस्क तयार. डेस्कटॉपमधली साडेतीन इंची असेल तर वेगळा पॉवर अॅडाप्टर असलेला डबा बघा, ती नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. जुनी डिस्क फोटोंची दुसरी-तिसरी प्रत म्हणून ठीक. एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवणं म्हणजे झोप घालवणं. एसएसडीही वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवून विसंबू नका, तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो.

राउटरने मला एक संध्याकाळ रडवलं, म्हणून नीट सांगते. जुना राउटर घराच्या दुसऱ्या टोकाला लावून वाय-फाय वाढवता येतं. त्याच्या सेटिंगमधे ऍक्सेस पॉइंट असा पर्याय असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याला स्वतंत्रपणे संगणकाशी जोडा, त्याचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), आणि डीएचसीपी (जोडलेल्या प्रत्येक वस्तूला नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) बंद करा. मग मुख्य राउटरच्या लॅन खाचेतून याच्या लॅन खाचेत केबल, वॅनमधे (बाहेरचं नेट जोडायच्या खाचेत) नाही. मी डीएचसीपी बंद करायला विसरले. घरात पत्ते वाटणारे दोघे झाले, निम्म्या फोनांना भलताच रस्ता मिळाला, आणि "नेट का येत नाही" असं तीन खोल्यांतून एकदम सुरू झालं. दोष नेट देणाऱ्या कंपनीला देऊन मी मोकळीही झाले होते.

द्यायची असेल तर

कुणाला द्यायची किंवा केंद्रात टाकायची, आधी आतल्या माहितीची नक्कल काढा. फोटो आणि नंबर सगळ्यांना आठवतात. विसरतात ते लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारं अॅप. ते नव्या फोनवर नेल्याशिवाय जुना पुसलात तर स्वतःच्याच खात्याबाहेर उभे राहाल.

मग खाती काढा, आणि त्यानंतर रिसेट. क्रम महत्त्वाचा. अँड्रॉइडमधून गूगल खातं न काढता बाहेरूनच बटणं दाबून रिसेट मारला, तर पुढच्या माणसाला तो फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोनमधे फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद केलं नाही तर तेच. सिम आणि मेमरी कार्ड काढलं ना, ते ट्रे उघडून डोळ्यांनी बघा.

संगणकाच्या हार्ड डिस्कवरून फायली डिलीट केल्या किंवा झटपट फॉरमॅट मारला तर फक्त अनुक्रमणिका जाते, पानं तशीच राहतात. फिरत्या डिस्कवर पूर्ण एकदा नवं लिहून पुसणारी सोय वापरा. एसएसडीला तिच्या उत्पादकाची पुसण्याची सोय असते, ती वापरा.

बॅटरी कधीच घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि तिथे आग लागते. सुटी बॅटरी देताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आहे. उरलेल्यातला बराचसा कुणाकुणाच्या खणात असणार, माझ्यासारख्यांच्या.

माझ्या खणात आता केबली आहेत, पट्ट्यांसकट, आणि भाच्याचा एक फोन. आठ दिवसांचा नियम त्याच्यासाठी मोडलाय. बंद करून, ५० टक्क्यांवर ठेवलाय, पाठीवर चिठ्ठी आहे: कधी ठेवला ती तारीख, आणि खाली "सहा महिन्यांनी बघणे". राउटर मी फळीवरून हलवून भिंतीवर टांगला. चिठ्ठीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आणि भाच्याने अजून सांगितलेलं नाही, फोन त्याला हवाय की नको.